मढ्याभोवतीचे चार दिवस

गोव्यातल्या सड्यांवर, म्हणजे कातळी माळांवर, लांडगे आणून सोडावेत, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. सूचना करणाऱ्याने अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची चित्रफीत पाहिलेली असते. लांडगे आले, हरणे पांगली, झाडे वाढली आणि शेवटी नदीनेसुद्धा वळण बदलले, ही कथा त्यात पाच मिनिटांत सांगून होते. आपल्याकडे गवे कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिरतात, रानडुकरे नाचणी ठेवत नाहीत, मग तोच उपाय का नको? हेतू चांगला आहे, प्राणी चुकला आहे. भारतीय लांडगा हा घाटापलीकडच्या पर्जन्यछायेतला. सोलापूर, नगर, पुणे, इकडे कर्नाटकात बागलकोट, कोप्पळ. जिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, उघडा माळ आणि मेंढरांचे कळप, तिथे तो. लांबून सावज हेरायचे आणि पळवून पळवून दमवायचे ही त्याची रीत. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईला त्याच्या गावच्या सहा-सातपट पाऊस कोसळतो आणि सत्तरीच्या दाट रानात वीस पावलांपलीकडचे दिसत नाही. तिथे कळपाने शिकार करण्याचे काम कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आधीपासून करत आहेत.

खरे म्हणजे लांडग्याच्या स्वतःच्या मुलखातही त्याला कुणी आणून सोडण्याची गरज नाही. माळरान सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणून लिहिले जाते, तिथे प्लॉट पडतात, सौरपट्टे उभे राहतात. भटक्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर हा रोग पसरतो आणि कुत्र्यांशी संकरही होऊ लागला आहे. तिथे आणखी दहा लांडगे सोडले तर तेही त्याच कुत्र्यांत जाऊन पडतील. प्राणी का नाहीसा झाला, ते कारण जागेवरून हललेले नसताना प्राणी परत आणणे म्हणजे भोक न बुजवता मडक्यात पाणी भरणे.

गोव्यापुरता खरा प्रश्न पट्टेरी वाघाचा आहे, आणि तो आणायचा की नाही हा नाहीच. तो येतो. शेजारच्या कर्नाटकातल्या भीमगड आणि काळीच्या रानांतून स्वतःच्या पायांनी येतो, इथे राहतो, पिल्लेही घालतो. आल्यावर त्याचे काय होते, यावर बोलायला हवे.

तरीही ‘आणून सोडणे’ म्हणजे नेमके काय असते, ते आधी पाहू, कारण त्यातली बरीच शिकवण इथे उपयोगी पडते.

यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे १९२६ च्या सुमारास मारले गेले. १९९५ मध्ये कॅनडातून १४ आणि १९९६ मध्ये १७ आणले. पिंजऱ्याचे दार उघडून मोकळे सोडले नाहीत. सुमारे एकेक एकराच्या जाळीच्या आवारात त्यांना साधारण दहा आठवडे कोंडून ठेवले, रस्त्यावर गाडीखाली मेलेली हरणे खाऊ घातली. हेतू एकच होता, घरचा रस्ता विसरावा. दूर नेऊन सोडलेला मांसभक्षी प्राणी पहिल्यांदा करतो ते हेच, तो घराकडे चालू लागतो. नदीचे वळण बदलल्याची गोष्ट मात्र पुढे बरीच पातळ झाली. तिथल्या ओढ्यांकाठी वीस वर्षे कुंपणे घालून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. लांडगे नव्हते त्या सत्तर वर्षांत बीव्हर हे ओढ्यात बांध घालणारे प्राणी गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल चिरत गेले आणि पाण्याची पातळी मुळांच्या खाली उतरली. लांडगे परतले तरी ओढ्याकाठची विलोची झाडे पुरती परतली नाहीत. शिकारी प्राणी साखळीतली एक कडी जोडतो, बाकीच्या तुटलेल्या कड्या त्याला जोडता येत नाहीत.

त्याहून बोलके उदाहरण कोलोरॅडोचे. तिथे लांडगे आणावेत की नाही, यावर २०२० मध्ये सार्वमत झाले आणि ५१ टक्क्यांच्याही आत मते पडून प्रस्ताव पार झाला. होकार मुख्यतः डेन्व्हरच्या बाजूच्या शहरांनी दिला. लांडगे सोडायचे होते पश्चिमेच्या डोंगरी भागात, जिथल्या बहुतेक पशुपालकांनी नकार दिला होता. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनहून दहा लांडगे आले. त्यांतले काही अशा कळपांतले होते, ज्यांच्या नावावर तिथे आधीच गुरे मारल्याची नोंद होती. पुढच्या उन्हाळ्याआधीच वासरे पडू लागली. ज्या जोडीला पिल्ले झाली तिचे अख्खे कुटुंब २०२४ मध्ये परत पकडावे लागले आणि त्यात नर दगावला. भरपाई थोडीथोडकी नाही, एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत. तरी कटुता गेली नाही. पणजी-मडगावात बसून सत्तरीतल्या वाघाबद्दल मत देणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे उदाहरण जरा टोचायलाच हवे.

याउलट जर्मनीत लांडगा कुणी आणला नाही. पोलंडमधून चालत आला आणि २००० च्या सुमारास सॅक्सनीत पिल्ले झाली. फ्रान्समध्ये १९९२ मध्ये इटलीकडून आला. वाद तिथेही आहेत, मेंढपाळ तिथेही संतापतात. पण एक फरक पडतो. सोडलेला प्राणी हा सरकारचा प्राणी ठरतो. त्याने मारलेले प्रत्येक वासरू सरकारने मारलेले असते. चालत आलेल्या प्राण्याबाबत निदान तेवढे म्हणता येत नाही. आपल्याकडे तर न सोडलेल्या प्राण्यांबद्दलही ‘वनखात्याने रात्री गाडीतून आणून सोडले’ असा समज गावोगाव असतो. खरोखर आणून सोडल्यावर काय होईल, याची कल्पना करावी.

भारतातले दाखले याच वळणाचे आहेत. सरिस्कात एकही वाघ उरला नाही म्हणून जून २००८ मध्ये रणथंबोरहून पहिला नर हेलिकॉप्टरने नेला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो विषाने मेला. वाघ संपला तेव्हा जी गावे, जी गुरे आणि जो राग तिथे होता, तो तसाच असताना नवा वाघ आणला होता. पन्नात २००९ मध्ये दोन वाघिणी आणि मागून पेंचचा नर आणला. नर लगेच पेंचच्या दिशेने निघाला, महिनाभर माणसे त्याच्या मागे होती, बेशुद्ध करून परत आणला. एप्रिल २०१० मध्ये तिथे पिल्ले झाली आणि आज पन्ना भरलेले आहे. तिथे जमले, कारण एकेका वाघामागे रात्रंदिवस माणसे चालत होती. ओडिशातल्या सातकोसियात २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून नर-मादी आणली. नर काही महिन्यांत मेला, मादीवर माणसे मारल्याचा ठपका आला, तिला परत पाठवावे लागले. गावकऱ्यांशी बोलणे आधी करायचे असते, ते मागून करायला गेले की असे होते.

आणून सोडणे कधीच योग्य नसते, असे मात्र नाही. आपल्या शेजारचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घ्या. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये झाला. गेल्या काही वर्षांत तिथे कॅमेऱ्यात आलेले वाघ नर होते. याला कारण आहे. वाघाचा नर बच्चा मोठा झाला की शंभर-दोनशे किलोमीटर सहज तोडतो, मादी मात्र बहुतेक वेळा आईच्या शेजारीच मुलूख थाटते. त्यामुळे दक्षिणेकडून नर पोचत राहतात आणि मादीची वाट पाहत राहतात. अशा ठिकाणी मादी आणणे समजू शकते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणलीही गेली. गोव्याला ही अडचण नाही. इथे वाघीण होती आणि तिला तीन बछडे होते. आपण चौघांनाही मारले.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात सत्तरीतल्या गोळावलीला चार-पाच दिवसांच्या आत चार मढी सापडली. एक वाघीण, तीन बछडे. गुरे मारली गेली होती आणि मारलेल्या जनावराच्या मढ्यावर विष पडले होते. त्याआधी २००९ मध्ये केरीला वाघ मारल्याचे प्रकरण झालेच होते. आणि तरीही ‘गोव्यात वाघ नाही, येतो तो कर्नाटकातून पाहुणा म्हणून’ हे वाक्य जबाबदार माणसे बोलत राहिली. तीन पिल्ले घेऊन फिरणारी मादी पाहुणी कशी? वाघेरी डोंगराला ते नाव न्यायालयाच्या निकालाने मिळालेले नाही, आणि सत्तरी-सांग्यातली वाघ्रो देवाची स्थाने पाहुण्यासाठी मांडलेली नाहीत. राष्ट्रीय गणनेत २०१४ मध्ये गोव्याचे पाच वाघ मोजले, २०१८ मध्ये तीन, २०२२ मध्ये पुन्हा पाच. आकडा लहान आहे. लहान आकड्यात एका विषाच्या पुडीने केवढा फरक पडतो, ते यातून दिसते.

आता त्या मढ्याकडे जाऊ, कारण गोव्यातल्या वाघाचे सगळे भवितव्य तिथे ठरते.

वाघ एका बसणीला वीस-तीस किलो मांस खातो. म्हैस किंवा गाय त्याला एका रात्रीत संपत नाही. ती तो ओढून आडोशाला नेतो, वर पाला-माती लोटतो, जवळच्या पाण्यावर पडून राहतो आणि तीन-चार रात्री परत परत येतो. पिल्लेवाली मादी पहिल्या रात्री एकटी खाते आणि मग पिल्लांना मढ्यावर घेऊन येते. म्हणून मढ्यावरचे विष एकटा वाघ घेत नाही, घर घेते. गोळावलीत चार मेले, ते असे. आणि म्हणूनच हे चार दिवस दोन्ही बाजूंना निर्णायक. मालकाचा राग याच दिवसांत ताजा असतो, वाघ याच दिवसांत त्याच जागी हमखास येणार असतो, आणि सरकार याच दिवसांत साधारणपणे तिथे नसते.

काय होते ते क्रमाने पाहा. संध्याकाळी गुरे परततात, एक येत नाही. रात्री रानात जाणे शक्य नाही. सकाळी मालक शोधत जातो, दहा-अकराला मढे सापडते. वनरक्षकाला फोन करायचा तर रेंज नाही. तो दुपारी घरी येऊन फोन करतो. वनरक्षक दुसऱ्या दिवशी येतो, पंचनाम्याला पशुवैद्य हवा म्हणतो, पशुवैद्याकडे चार पंचायती असतात. तिसऱ्या दिवशी मढे फुगलेले, कुत्र्यांनी ओढलेले, डुकरांनी उकरलेले. कोणी मारले ते आता सांगता येत नाही. मग शेरा पडतो, ‘कारण निश्चित करता येत नाही’. भरपाई तिथेच मेली. त्यात गाय अभयारण्याच्या हद्दीत पडली असेल तर आणखी पेच. अर्ज केला तर बेकायदा चराईची कबुली, नाही केला तर पैसे नाहीत. कानाला बारा आकडी बिल्ला नसेल तर गाय तुमचीच कशावरून, हा प्रश्न. अशा माणसाने कीटकनाशकाच्या डब्याकडे पाहिले तर तो गुन्हाच आहे, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याला तिथवर नेऊन सोडणारी वाट सरकारी आहे.

हे सुधारायला नवा कायदा लागत नाही. लागते ते एवढेच: कळवल्यापासून बारा तासांच्या आत प्रशिक्षित माणूस मढ्यापाशी पोचणे. पशुवैद्याची वाट पाहण्याची गरज नाही, कारण पाहायच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि चांगला वनरक्षक त्या दोन दिवसांत शिकतो. गळ्यावर किंवा मानेवर सुळ्यांची भोके असतात. वरच्या दोन सुळ्यांमधले अंतर फूटपट्टीने मोजायचे. साडेचार सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुधा बिबटा, पाचाच्या पुढे असेल तर वाघ. वाघ बहुतेकदा मागच्या फऱ्याकडून खायला लागतो, बिबटा पोटाकडून किंवा छातीकडून. कोळसुंदे मान धरत नाहीत, कुशीतून फाडतात आणि काही तासांत सांगाडा करतात. भटक्या कुत्र्यांचे चावे लहान, पुष्कळ, पायांवर आणि शेपटीवर. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे, की सत्तरीत बोलताना बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे ‘वाघाने मारली’ यावर पंचनामा संपवता येत नाही. मोजावेच लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, भोकाभोवतीचे कातडे कापून खाली पाहायचे. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल तर कातड्याखाली रक्त साकळलेले दिसते. आधीच सापाने किंवा रोगाने मेलेल्या गाईला मागाहून कोणी चावले असेल तर ते दिसत नाही. खोटे दावे येतील अशी जी ओरड असते, तिचे निम्मे उत्तर या एका कापात आहे. प्रत्येक छायाचित्रात पट्टी ठेवायची, बिल्ल्याचा आकडा घ्यायचा, जागेची नोंद मोबाईलवर घ्यायची. पावसाळ्यात पंजे तासाभरात पुसतात. पावलांवर विसंबायचे नाही.

त्यानंतरची पायरी गावकऱ्यांना पटवायला अवघड, पण तिच्यावर सगळे अवलंबून आहे. मढे तिथेच राहू द्यायचे. पुरायचे नाही, जाळायचे नाही, सोलायचे नाही. मढे हलवले की वाघाची शिकार हिरावली गेली. त्याला पुन्हा मारावे लागते, आणि सोपे सावज शेजारच्याच गोठ्यातले असते. एका म्हशीवर भागले असते तिथे दोन जातात. मढ्यावर समोरासमोर दोन कॅमेरे बांधायचे, कारण वाघाच्या दोन बाजूंचे पट्टे वेगवेगळे असतात आणि ओळख पटायला दोन्ही लागतात. गुडघ्याएवढी उंची, मढ्यापासून चारेक मीटर. आणि चार रात्री तिथे पाळत ठेवायची, मढ्यापासून अंतर राखून, येणाऱ्या वाटेवर. ही पाळत वाघासाठी नाही, विषासाठी आहे. मढे घराला किंवा शाळेच्या वाटेला लागून असेल तरच ते हलवायचे, आणि तेही वनखात्याने, शक्य तितके जवळ, रानाच्या बाजूला.

पैसे. पूर्ण भरपाईला कागदपत्रे लागणार, महिना जाणार, ते समजण्यासारखे आहे. पण चार दिवस महिन्याची वाट पाहत नाहीत. निम्मी रक्कम पंचनाम्यानंतर ४८ तासांत खात्यात पडली पाहिजे. उत्तराखंडात कॉर्बेटच्या भोवती स्वयंसेवी संस्था सरकारी भरपाई येईपर्यंत अशी तातडीची मदत देत आल्या आहेत. बंदीपूर-नागरहोळेच्या गावांत २०१५ पासून ‘वाइल्ड सेवे’ नावाचा उपक्रम चालतो. शेतकऱ्याने फोन करायचा, माणूस येतो, छायाचित्रे घेतो, अर्ज भरून खात्यात देतो. दोन्ही गोष्टी गोव्याला जड नाहीत. वनक्षेत्रपालाच्या पातळीवर फिरता निधी ठेवावा, जो मार्चअखेर आटत नाही.

किती लागेल? समजा अतिशय वाईट वर्षात सगळ्या अभयारण्यांभोवती शंभर गुरे गेली आणि सरासरी चाळीस हजार धरले, तर चाळीस लाख. त्यात दहा-वीस दावे खोटे निघाले तरी एखाद्या सरकारी महोत्सवाच्या मंडपाएवढासुद्धा खर्च नाही. दर ठरवताना मात्र चूक एकच होते: जनावराची बाजारातली किंमत धरतात, दूध धरत नाहीत. दिवसाला पाच लिटर देणारी म्हैस वेताच्या सुरुवातीला गेली तर पुढच्या अडीचशे दिवसांचे साडेबाराशे लिटर दूध गेले. गवळी-धनगराच्या घरात महिन्याचा किराणा त्याच दुधावर येतो.

हद्दीचा पेचही इथेच सोडवायला हवा. गाय अभयारण्यात मेली की बाहेर, याने पैसे बदलू नयेत. १९९९ मध्ये म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये जाहीर झाली तेव्हा ही माणसे आणि त्यांची गुरे आत होतीच. त्यांचे हक्क निश्चित करण्याचे काम वर्षानुवर्षे रखडले, त्याचा दंड गाईवर का?

गोठ्याबाबत एक गैरसमज दिसतो. गोठे भक्कम करायला अनुदान द्या, म्हणजे प्रश्न सुटेल, असे म्हणतात. बिबट्यासाठी ते बरोबर. चिऱ्याची छातीभर भिंत, वर छपरापर्यंत वेल्डची जाळी, आणि भिंत-छपरामधली फट बुजवलेली. बिबटा त्याच फटीतून शिरतो. पण वाघ गुरे मारतो ती बहुतेक रानात, चरताना. तिथे उपाय राखणीचा. सोडून दिलेली गुरे आणि राखलेली गुरे यांत मोठा फरक पडतो. व्यायला आलेली गाय रानात पाठवू नये, सूर्य कलण्याआधी वळवावीत, आणि रात्री रानात मुक्कामाला गुरे राहू नयेत. गावातली पोरे आता गुराखी व्हायला तयार नाहीत. तेव्हा चार घरांनी मिळून एक राखणदार आणि त्याचा निम्मा पगार वनखात्याकडून, असे काही करावे लागेल.

आता गोव्याचा प्रस्तावित व्याघ्र प्रकल्प. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत तो अधिसूचित करा, असा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथल्या केंद्रीय अधिकारिता समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने जाण्याची शिफारस केली: काळी व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेली नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये आधी गाभा म्हणून, आणि जास्त वस्ती असलेली म्हादई नंतर.

आमचे मत प्रकल्पाच्या बाजूने आहे. कारण साधे आहे. म्हादई २०८, भगवान महावीर आणि मोले मिळून २४०, नेत्रावळी २११, खोतीगाव ८६. चौरस किलोमीटरची बेरीज साडेसातशेच्या आत. वाघांची स्वतःच्या बळावर टिकणारी संख्या हवी तर वीसेक प्रजननक्षम माद्या लागतात आणि त्यासाठी आठशे ते हजार चौरस किलोमीटरचा निर्वेध गाभा लागतो, असे व्याघ्र संवर्धनाचे गणित सांगते. गोवा एकट्याने ते कधीच देऊ शकणार नाही. पण काळीचे सुमारे १,३०० आणि भीमगडचे १९० शेजारी धरले की आपला पट्टा त्या साखळीतला मधला दुवा होतो. दुवा म्हणून त्याला कायद्याचे कवच हवे. अनमोडचा रस्ता, रेल्वेचा दुसरा मार्ग, ४०० केव्हीची वीजवाहिनी, सगळे याच दुव्यातून जायला पाहतात. रेल्वेची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली म्हणून निभावले. व्याघ्र प्रकल्प असता तर असे प्रस्ताव न्यायालयापर्यंत जाण्याआधीच व्याघ्र प्राधिकरणासमोर अडले असते.

प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे पुष्कळजण वाघाचा उल्लेख करतात आणि त्यांच्या मनात म्हादईचे पाणी असते. म्हादईच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले. कर्नाटकाची पाणी वळवण्याची कळसा-भंडुरा योजना अडवायला व्याघ्र प्रकल्प हे चांगले हत्यार ठरेल, असा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. पण सत्तरीतल्या माणसाला तो दिसतो, आणि मग त्याला वाटते की पाण्याच्या भांडणात वाघाला पुढे केले आणि वाघाच्या नावाने मला मागे सारले.

त्याची भीती विस्थापनाची आहे. कायदा काय म्हणतो, ते नीट सांगितलेच जात नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-व्ही प्रमाणे गाभ्यातून कुणालाही हलवायचे तर आधी त्याचे वनहक्क निश्चित व्हावे लागतात, ग्रामसभेची आणि त्या कुटुंबाची संमती लागते. २०२१ पासून कुटुंबामागे पंधरा लाखांचे पॅकेज आहे. बफर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या, क्षेत्रात तर माणसे, शेती, काजू सगळे राहते. हे सगळे खरे, पण सत्तरीच्या मोकासो, म्हणजे जुन्या इनामी, जमिनींचा गुंता ज्याला ठाऊक आहे, त्याला यातला कच्चा दुवा लगेच दिसेल. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन ज्याच्या नावावर नाही, त्याची ‘स्वेच्छा’ किती स्वतंत्र? उच्च न्यायालयाने त्याच आदेशात वनहक्कांचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा असेही म्हटले होते. त्याची आठवण प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक, दोघेही क्वचित काढतात. क्रम ठरलेला असावा: आधी दावे, मग नकाशा. म्हादईसाठी समितीने वेळ दिला आहे तो याच कामाला वापरला तर टप्प्यांना अर्थ आहे. नुसता थांबण्यात गेला तर दहा वर्षांनी तेच दावे, तीच भीती, आणि मधल्या काळात वाघ मात्र म्हादईतच. अधिसूचना कुठली आधी निघते, हे बघून तो मुलूख निवडत नाही.

वाघ आला की रानडुकरे कमी होतील, हे आश्वासन देऊन वाघ विकू नये. एक वाघ वर्षाला पन्नासेक मोठी जनावरे मारतो. पाच वाघांची अडीचशे. त्यात सांबर, भेकर, गवा, डुक्कर सगळे आले. एवढ्याने सांग्यातली नाचणी वाचणार नाही. एका वाघाला वर्षाला पन्नास मिळायची तर रानात पाचशे असावी लागतात, नाहीतर भांडवलच खाल्ले जाते. गवे कुळागरात उतरतात कारण रानातली मोकळी गवताची कुरणे रानमोडी या तणाने भरून गेली आहेत. तिथे कुऱ्हाड-कोयता घेऊन, फुलावर येण्याआधी, सलग तीन वर्षे उपटणे-छाटणे हाच उपाय. एक वर्ष करून सोडले तर मुळांपासून दुपटीने फुटते, आणि बहुतेक वेळा निधी एका वर्षाचाच असतो.

फाशांचेही तसेच. डुकरासाठी लावलेला क्लचवायरचा फास वाघ आणि डुक्कर यांत भेद करत नाही. गस्त वाटेवरून होते, फास आडवाटेला असतात. दहा माणसांनी दहा-दहा पावलांवर ओळ धरून ओढ्याकाठचे रान विंचरल्याशिवाय ते सापडत नाहीत. पहिल्या पावसात, शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर, हे काम दोनदा व्हायला हवे. नेमके तेव्हाच कॅमेरे काढून घेतात, कारण आषाढात दमट हवेने त्यांच्या भिंगांवर बुरशी चढते, आणि रस्तेही बंद होतात. म्हणजे जून ते सप्टेंबर आपल्या वाघाबद्दल आपल्याला काही ठाऊक नसते.

या सगळ्यात ताबडतोब, कुठल्याही निकालाची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. अभयारण्याच्या कडेच्या प्रत्येक पंचायतीच्या फलकावर दर महिन्याला एक तक्ता लावावा. नावे नकोत, तीन रकाने पुरेत: जनावर पडल्याची तारीख, पंचनाम्याची तारीख, पैसे खात्यात पडल्याची तारीख. वाघांची गणना चार वर्षांनी होते. हा तक्ता गोळावलीच्या माणसाला दर महिन्याला वाचता येईल, आणि वनखात्यालाही.